चौदाव्या नळीची हळद

नमिताच्या हातांना सकाळपासून जागा सापडत नव्हती. पदर सारखा करायचा, अंबाड्यावरचा गजरा चाचपायचा, अक्षतांचं रिकामं ताट उचलायचं आणि परत तिथंच ठेवायचं. लग्न लागून पाऊण तास होऊन गेला होता. नवरी जाई म्हणजे तिच्या दिराची मुलगी. जाईची आई पनवेलला दवाखान्यात नोकरीला, म्हणून शाळेच्या बारा वर्षांच्या वेण्या काकीनं घातलेल्या. त्या लेकीचं लग्न, आणि काकीचा जीव मात्र हॉलच्या दारातून सारखा बाहेर डोकावत होता.

"नमे, बस गो जरा खाली," तिचा नवरा नामा म्हणाला. फेटा त्याला मोठा झाला होता, घडीघडी भुवईवर उतरत होता. "तुना बघून मनाच धाप लागते."

"ट्रेलर चारला हाय."

"मंग? तू वढनार हायस का त्याला?"

चार वाजता तळोज्याच्या कारखान्यातून चौदावी नळी निघणार होती.

नळी आपली म्हणायची म्हणून. बारा मीटर लांब, आणि आत माणूस कमरेत वाकून चालत जाईल एवढी रुंद. चकचकीत पोलादाची. दूर माळावर एक वेधशाळा उभी राहत होती, आणि तिथं दुर्बीण नव्हती. अशा शेकडो नळ्या एकीला एक जोडून, कोसा-कोसाचे दोन हात पसरायचे होते. त्या हातांतून प्रकाशाचा एक किरण जाणार, परत येणार. आभाळात फार लांब कुठंतरी दोन विझलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाश हलतं, पाणी हलावं तसं. ते हलणं इतकं बारीक की वाटेत हवा आडवी आली तरी किरण गोंधळतो. म्हणून नळीच्या आत काही नको. काही म्हणजे काहीच नको. हवेच्या लाख कोटी कणांतला एखादा राहिला तर राहिला.

हे सगळं तिला दिनानाथ सरांनी शिकवलं होतं. ते कारखान्याच्या तपासणी खात्याचे मुख्य. पहिल्याच दिवशी त्यांनी पोलादाच्या पत्र्यावर स्वतःचा अंगठा टेकवला होता. "काही दिसतंय?" नमिता नाही म्हणाली. मग सरांनी दिवे बंद करून एक जांभळा दिवा लावला आणि अंगठा उमटला. "हे माझ्या कातडीचं तेल. नळीत राहिलं तर वर्षानुवर्षं वाफ सोडत राहणार, नमिताबाई. विहिरीत रॉकेलचा एक थेंब पडावा, तसं. थेंब काढता येत नाही. विहीर सोडावी लागते."

सहा वर्षांपूर्वी ती तिथं खोकी बांधायला लागली होती, दहावी पास. आता तो जांभळा दिवा तिच्या हातात होता. नळी आधी धुतली जायची, क्षार काढलेल्या पाण्यानं विसळली जायची, आतली हवा उपसून आठवडाभर दीडशे अंशांवर तापवली जायची, कुठं गळते का ते बघितलं जायचं. चाचण्या झाल्या की पंप काढून आत कोरडा नायट्रोजन भरायचा, आणि प्रवासाचं झाकण बसवायच्या आधी नमिता दिवा घेऊन नळीच्या तोंडाशी वाकायची. धागा, तेल, शिंकेचा शिंतोडा, जे जे माणसाचं ते त्या उजेडात चमकतं. काही चमकलं नाही की ती म्हणायची, "लावा." तिच्यानंतर आत कुणी बघायचं नाही. माळावर झाकण निघायचं ते थेट जोडणीलाच.

गावात तिला आता कुणी नामाची बायको म्हणत नसे. दिव्यावाली नमिता म्हणत. नावड्यातल्या आणखी पाचजणी तिच्या मागोमाग त्या स्वच्छ खोलीत कामाला लागल्या होत्या. पांढरा झगा, डोक्याला पांढरी टोपी, तोंडाला पट्टी, हातात मोजे. ओळखायचं ते डोळ्यांवरून. त्या नळ्यांना लेकी म्हणायच्या. पट्टीच्या आत, ओठ न हलवता, त्यांनी एक ओवीही रचली होती:

*लेक चालली माळाला, हिची रिकामीच ओटी,*
*कन नाही, कोंडा नाही, हेच सौभाग्य गो पोटी.*

परवा संध्याकाळी जाईची हळद. काल सकाळी चौदावी नळी. आज लग्न. तीन दिवस असे एकाच दोरीत ओवले होते, आणि त्या दोरीत कुठंतरी एक गाठ होती. नमिताला ती लागत होती, दिसत नव्हती. काल सकाळपासून. भाजीत मीठ घातलं की नाही हे आठवू नये, तसं काहीतरी. मीठ तर घातलंय. मग काय?

तिकडं स्टेजवर तिची सासू राजाबाई माइक सोडायला तयार नव्हती.

राजाबाई धवलारीण. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. तिनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटल्याशिवाय हळद लागत नाही आणि मांडव हलत नाही. आता डीजे आल्यापासून तिच्या वाट्याला पाच मिनिटं यायची. आजची पाच मिनिटं तिनं पंधरा केली होती.

*हलद वाटली गो वाटली, पाच सवाष्नींचे हात,*
*पानी घालून धुतली, तरी राहिली नखांत.*

"आजी, बस ना आता," डीजेवाला कानातलं यंत्र सरकवत म्हणाला. "पब्लिक वेट करतंय."

"पब्लिक कोन? ही सगली माझ्या हातानं लगीन लागलेली हायत. तुझ्या बापाचं पन मीच लावलंय. तवा गप बस."

हॉल हसला. डीजेवाल्यानं हात जोडले, मग सूड म्हणून की काय एकदम सगळे दिवे विझवले. खिडक्यांना काळे पडदे होतेच. भर दुपारी अंधार झाला आणि छतावरून जांभळा उजेड खाली ओतला गेला. पांढरे शर्ट, पांढऱ्या टोप्या, हसणाऱ्यांचे दात, सगळं निळसर पेटलं. पोरं शिट्ट्या मारू लागली.

नमिता मात्र उठून उभी राहिली. तिला हा उजेड ओळखीचा होता. कामावर ती याच उजेडात बघायला शिकली होती.

स्टेजवर राजाबाईनं नातीसमोर उभं राहून तिची अलाबला काढली. दोन्ही हातांची बोटं जाईच्या गालांवरून खाली फिरवली, मग स्वतःच्या कानशिलांवर टेकवून मोडली. बोटं वाजली नाहीत. म्हातारीचे सांधे, वर अंगठ्या. ती कुरकुरली आणि तिनं तेच पुन्हा केलं. गालांवरून हात, कानशिलांवर बोटं. या खेपेला कडकड वाजली, खाली बसलेल्यांनाही कळलं.

पहिल्यांदा हात फिरला तेव्हा जाईचे गाल कोरे होते. दुसऱ्यांदा हात फिरला आणि दोन्ही गालांवर ठिपके उमटले. पिवळे-हिरवे, काजव्यासारखे. डाव्या गालावर तीन, उजव्यावर चार.

बाकी कुणाला ते दिसले नसतील. दिसले तरी काय, नवरीच्या गालावर हळदच ती. पण नमिताला कालपासून लागणारी ती गाठ एकदम सुटली. राजाबाईच्या कानशिलावर, केसांच्या रेघेत, परवाची हळद होती. तिथं बोटं टेकली. तिथून ती परत गालावर गेली.

तिनं स्वतःच्या कानशिलावर बोट घासलं आणि बोट डोळ्यांसमोर धरलं. चमकत होतं.

काल सकाळी. आदल्या दिवशी पाटावर बसवून पुतणीला हळद लावली, आणि मग आगऱ्यांच्या हळदीत जे होतं ते झालं. कुणी कुणाला सोडलं नाही. तेलात कालवलेली हळद केसांत, कानांत, मानेवर. तिनं दोनदा अंघोळ केली होती. साबण, डाळीचं पीठ, परत साबण. खोलीच्या दारात हात जांभळ्या दिव्याखाली धरायचा नियम होता. तो तिनं पाळला, हात स्वच्छ होते. कपाळ दाखवायचा नियम नव्हता. टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटं कातडी उघडी राहायची, ती कानशिलावर.

तिनं आत बघितलं होतं. काही चमकत नव्हतं. दिवा खाली ठेवला होता. झाकण वर साखळीला टांगलेलं, नळीचं तोंड उघडं, आतून आपलाच श्वास परत यावा अशी शांतता. हात मात्र अजून घरीच होते, हळदीच्या पाटाशी. त्या हातांनी तिला न विचारता नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून, दोन्ही बाजूंनी, वरून खाली मायेनं फिरून घेतलं. मग कानशिलांवर जाऊन बोटं मोडली. मोज्यात ती वाजली नाहीत. न वाजलेली अलाबला अर्धी राहते. म्हणून हातांनी ते पुन्हा केलं.

आणि ती म्हणाली होती, "लावा."

यापूर्वी कधीच नाही. तेरा नळ्या गेल्या, एकीलाही नाही. तिनं तेराही नळ्यांच्या सकाळी मनात उलगडून पाहिल्या. नाही. ही एकच.

"काय झाला गो?" नामानं विचारलं.

"काय नाय."

ती बाहेर व्हरांड्यात आली. उन्हानं डोळे दिपले. पर्समधून फोन काढून तिनं निशांतला लावला. निशांत म्हणजे माल रवाना करणारा तरुण इंजिनियर.

"नमिताताई! काय, आमच्याशिवाय जेवण उरकलं ना?" मागे क्रेनचा घंटीसारखा आवाज. "टेन्शन घेऊ नका. तुमची चौदावी ट्रेलरवर चढली. बेल्ट मारतोय आता."

तिनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं: झाकण उघडा, माझा हात लागलाय. पाच शब्द. पण त्या शब्दांच्या मागे दिनानाथ सर उभे दिसले, हात पुढे केलेला, दिवा परत मागणारा.

"हॅलो? ताई?"

"नीट बांधा," ती म्हणाली. "हिसका बसता कामा नये."

"येस बॉस."

फोन बंद झाला. भिंतीला टेकून ती स्वतःला समजावू लागली. शेकडो नळ्या. त्यांतली एक. तिच्यात फार तर जाईच्या गालांवर होते तेवढे ठिपके, तीळभर. कदाचित उमटलेही नसतील. चाचण्या तर आधीच पास झाल्यात, कागदावर शिक्का आहे. कुणाला कळणार? तिकडं माळावर जोडल्यावर त्या कोसभर पोकळीत कुठून वाफ येतेय हे कोण शोधणार? कुणीच नाही. कुणालाच सापडणार नाही.

तेच तर.

ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. आचाऱ्यानं विचारलं, "वहिनी, भात कमी पडला का?" ती नाही म्हणाली. एक मुलगी नाक पुसायला रुमाल मागायला आली, तिला तिनं आपला रुमाल दिला आणि मग बराच वेळ त्या रुमालाला आपली बोटं कुठं लागली ते बघत राहिली. समोर फाट्यावरून कंटेनर जात होते. प्रत्येक लांब गाडीला ती थांबून बघायची. ही नव्हे. ही पण नव्हे. घड्याळात दोन वीस. मग दोन चोवीस. मधल्या चार मिनिटांत तिनं मनातल्या मनात दिवा दोनदा परत केला आणि दोनदा स्वतःकडं ठेवून घेतला.

राजाबाई स्टेजवरून उतरून पान लावत बाहेर आली.

"आये," नमितानं विचारलं, "अंगावरची हलद किती दिस राहते?"

"नवरीच्या नखांत आठ दिस." म्हातारीनं चुना बोटावर घेतला. "माझ्या कपालावर चालीस वर्सं हाय. जो तो पयली मनाच लावतो. का गो?"

"लागू नाय त्या जागी लागली तर?"

राजाबाईनं सुनेकडं नीट बघितलं. "कुनाला लागली?"

"लेकीला. कंपनीतल्या."

म्हातारीला त्या लेकी माहीत होत्या. सून घरी ओवी गुणगुणायची, तेव्हा तिनंच 'माळाला'च्या जागी 'सासरला' म्हण असं सुचवलं होतं आणि नमितानं ऐकलं नव्हतं. "मंग पुसून काढ."

"झाकन लागलंय. सांगितलं तर दिवा जाईल माझा."

"आनि नाय सांगितलं तर?"

नमितानं फाट्याकडं बघितलं. राजाबाईनं पान तोंडात सारलं आणि गाल फुगवून म्हणाली, "मंग इथं काय करतंस? तुझ्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली. पाठवनी पाचला हाय."

नामा हॉलच्या दारात उभा होताच. त्यानं सगळं ऐकलं होतं की नुसता फेटा वर करत होता, कळायला मार्ग नव्हता.

"गारी काढा," नमिता म्हणाली.

"आता? आगं, लोक काय बोलतील? नवरीची काकी पाठवनीआधीच पलाली?"

"सांगा काकीचं पोट बिघरलं."

"कुनाचं जेवान खाऊन? माझ्या भावाचं?" पण त्यानं किल्ली काढली होती.

नऊवारी नेसलेली, गळाभर सोनं घातलेली नमिता दोन्ही बाजूंना पाय टाकून स्कूटरवर बसली. फाट्यावर लांबच लांब रांग. पुलाच्या खालच्या बाजूनं रसायनांचा तो ओळखीचा आंबूस वास आला, तसा नामानं फेटा काढून तिच्या मांडीवर टाकला आणि वेग वाढवला. ती समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रेलरच्या पाठीकडं मान वळवून बघत होती. पत्र्याची गुंडाळी. मोकळा. पाईप, पण काळे. मोकळा. पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेलं काही येतंय का? नाही. अजून नाही.

"तीन वाजत आले," तिनं त्याच्या कानात ओरडून सांगितलं.

"मना नको सांगू, सिग्नलला सांग!"

गेटवरचा वॉचमन तिला बघून उभाच राहिला. "ताई, लगीन तुमचं व्हतं का काय?"

ट्रेलर आवारातच होता. त्यावर चौदावी नळी, पांढऱ्या प्लास्टिकात, वरून पिवळे पट्टे आवळलेले. निशांत हातातली यादी तपासत होता. त्यानं वर बघितलं आणि हसला. "वा! जेवण पार्सल आणलं की काय?"

"झाकण उघडायचंय," नमिता म्हणाली.

"कसलं?"

"हिचं. माझ्या बाजूचं. माझा हात लागलाय आत. हळदीचा."

निशांतचं हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसतं त्यातला अर्थ निघून गेला. "ताई, चार वाजता गाडी सुटतेय. तिकडं क्रेन बुक आहे, माणसं थांबलीत. तुम्ही कालच 'साफ' लिहून सही केलीय."

"सही केली तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"आणि आता कसं कळलं? हॉलमध्ये?"

"डीजेच्या दिव्यात."

त्याला हसावं की ओरडावं कळेना. तेवढ्यात दिनानाथ सर आले. पांढरे केस, खिशाला पेन, चालण्यात कधीही घाई नाही. त्यांनी दोघांकडं बघितलं, मग नमिताच्या सोन्याकडं, आणि विचारलं, "काय केलंत नेमकं?"

तिनं सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला शब्द नव्हते, नुसते हात होते. म्हणून तिनं ट्रेलरपासून दहा पावलांवर उभं राहून हवेतच करून दाखवलं. दोन्ही हात वरून खाली, मग कानशिलांवर. मोजे नव्हते. आता सगळी बोटं वाजली.

क्रेनवाल्यानं मान खाली घातली. त्याच्या घरी कुणीतरी त्याची अशीच अलाबला काढत असणार.

"एकदा केलंत की दोनदा?" दिनानाथ सरांनी विचारलं.

"दोनदा. पहिल्यांदा वाजली नाहीत."

सरांनी डोळे मिटले. "दुसऱ्यांदा परत आत हात गेला."

"हो."

"सर, कदाचित लागलंही नसेल," निशांत म्हणाला. "उघडायचं म्हणजे पुन्हा सगळं. धुणं, तापवणं, चाचण्या. पंधरा दिवस कमीत कमी. आणि काही सापडलं नाही तर मी तिकडं काय सांगू? की आमच्या ताईंना लग्नात भास झाला?"

"खाली उतरवा," सर म्हणाले.

नळी परत खोलीत जाईपर्यंत पाऊण तास गेला. नमिताला आत जाता येत नव्हतं. केसांत गजरा, अंगभर हळद, जरीचे धागे. ती काचेच्या बाहेर उभी राहिली, नामाचा फेटा दोन्ही हातांत पिळत. आत चारुलता होती, पांढऱ्या झग्यात. कामोठ्याहून येणारी, मूळची साताऱ्याकडची. नमितानं तिला दोन वर्षं शिकवलं होतं. काल साखळीचं बटण तिच्याच हातात होतं.

काचेशेजारच्या स्पीकरमधून तिचा आवाज आला. "नमिताताई, मी बघितलं होतं काल."

"काय?"

"तुम्ही बोटं मोडलेली. दोनदा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला मी काय बोलणार? मला वाटलं, ताई करतायत म्हणजे चालत असेल." तिनं दिवा दुसऱ्या हातात घेतला. "आणि मला छान वाटलं होतं बघून."

नमिताला तिचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. शिकवताना तिनं दिवा कसा धरायचा, कोन किती, श्वास कुठं सोडायचा, सगळं सांगितलं होतं. माझं चुकलं तर मला अडव, हे सांगितलं नव्हतं.

झाकण साखळीवर वर गेलं. खोलीतले दिवे विझले. जांभळा उजेड नळीच्या तोंडाशी गेला आणि हळूहळू फिरू लागला.

"नाही काही," चारुलता म्हणाली. "खाली पण नाही."

निशांतनं घड्याळ बघितलं. नमिताच्या छातीत दोन चिमण्या एकाच वेळी फडफडत होत्या. नसू दे, एक म्हणत होती. नसलं तर दिवा माझा, नळी जाईल, उद्या सगळे हसतील आणि विसरतील. दुसरीला बोलता येत नव्हतं. ती नुसती उजेडामागून धावत होती.

"नाही दिसत, ताई."

"नसेल," निशांत म्हणाला. "सर, बंद करू?"

नमितानं कपाळ काचेला टेकवलं. बंद करा म्हटलं असतं तरी कुणी तिला खोटं म्हटलं नसतं.

"चारू, तू शोधतेस तशी नको शोधू," ती म्हणाली. "बाळाच्या गालावरून हात कसा फिरवतेस? तसा दिवा ने. आतल्या कडेनं. चार बोटं आत. वरून खाली."

उजेड वळला. कडेवरून आत गेला, खाली उतरू लागला, आणि थांबला.

काचेतून ते फार लहान दिसत होते. पण दिसत होते. पिवळे-हिरवे. एका बाजूला तीन. चारुलतानं दिवा पलीकडं नेला. दुसऱ्या बाजूला चार.

"आहेत," ती अगदी हळू म्हणाली.

निशांत फोन घेऊन बाहेर गेला. त्याचा आवाज आवारात ऐकू येत राहिला, "हो सर... नाही सर... चौदावी... पंधरा दिवस..."

दिनानाथ सरांनी रजिस्टर आणून नमितासमोर धरलं. कालच्या तारखेपुढं तिच्याच अक्षरात 'साफ' होतं. तिनं ते खोडलं नाही. खालच्या ओळीत लिहिलं: आतल्या कडेवर सात ठसे. हळद आणि तेल. झाकण लावताना माझा हात लागला. मग सही. सही नेहमीपेक्षा मोठी आली. पेन ठेवताना पानावर पिवळट डाग पडला, तो पुसायला तिनं पदर उचलला आणि तसाच सोडून दिला.

"दिवा आजपासून चारुलताकडं," सर म्हणाले.

"किती दिवस?"

"ते मी आज सांगू शकत नाही, नमिताबाई. तुम्ही आलात म्हणून नळी वाचली. हे मी वर लिहीन. पण हात तुमचा होता, तेही लिहीन." त्यांनी रजिस्टर मिटलं. "दारात आता कपाळही बघायला हवं. हे मला सुचायला हवं होतं."

तिनं मान हलवली. काचेपलीकडं चारुलतानं दिवा विझवला. त्याच्या मुठीला नमितानं बांधलेला लाल दोरा होता, घरचा नव्हे, खोलीतलाच, धागा न सुटणारा. तिनं तो परत मागितला नाही.

हॉलवर पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. पाठवणी खोळंबली होती. द्रोणागिरीकडच्या गावाला जायची गाडी फुलं लावून उभी, आणि जाई गाडीत बसायला तयार नव्हती.

"काकी, कं गेल्तीस?" तिनं रडता रडता विचारलं. "सगले बोलतात तुझं पोट बिघरलं."

"आता बरी हाय."

नमितानं हात वर केले आणि क्षणभर ते मध्येच थांबले. गाल समोर होते, राजाबाईचे सात ठिपके त्यांच्यावर असतील किंवा पुसलेही असतील, उन्हात काय दिसणार. तिनं हात फिरवला. मोजे नाहीत, नियम नाही, कातडीला कातडी लागली. कानशिलांवर बोटं मोडली, त्यांतली आठ वाजली. दोन राहिली. तिनं पुन्हा केलं नाही.

गाडी गेली. मागे फुलांच्या पाकळ्या रस्त्यावर लोळत राहिल्या. नमिता तशीच उभी होती. हातांना अजूनही जागा सापडत नव्हती. उद्या सकाळी ते काय धरणार होते, तिला माहीत नव्हतं.

फाट्यावरून एक लांब ट्रेलर आला. मोकळा. रिकाम्या फळीवर पिवळे पट्टे आणि साखळ्या आपटत, खडखडत पुढं गेला. नामानं तो नंबर ओळखला.

"तुझी ती नाय गेली गो," तो म्हणाला.

"कशी जाईल?" नमितानं नखं बघितली. "तिची हलद उतराची हाय आजून."